डॉमनिकबाबांची काडी

मंगळ., ४ नोव्हें.
लिली घोडीला खाडीवर चरायला बांधून परत आले. येताना वाटेवरची लीद भरायची, हा माझ्या नवऱ्याचा, इनासचा नेम. खोरं, खराटा, गोणी, सगळं त्याच्यासारखंच करते, फक्त कंबर त्याच्यासारखी नाही. टॉवरमधल्या सावंतबाई दूध घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "फिलोताई, आमच्या सोसायटीतले कुत्रेवाले तुमच्याकडे शिकवणीला पाठवायला हवेत." इनास गेल्यापासून माझ्याशी रोज बोलणारी हीच एक बाई.

वळणावरच्या ढिगात जास्वंदीची काडी खोचलेली. शेजारच्या डॉमनिकबाबांची. तसाच ठेवला. काडी लावली की लीद त्याची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघत आले. तेव्हा प्रत्येक वाडीवाल्याला लीद हवी असायची, त्यावरून भांडणं व्हायची. आता ती कोणालाच नको. बाबांची वाडी विकली गेली, तिच्यावरच टॉवर उभा आहे. आता बाबा अंगणात डब्यांतून मिरच्या लावतात. मुलाचं नाव विसरतात, काडी विसरत नाहीत.

बुध., ५
ढीग तिथेच. बाबा ओट्यावर बसले होते. कुंपणावरून हाक मारली, "बाबा, लीद न्यायची राहिली."
"काडी माझी हाय गे. दुपारी नेतो."
बरं म्हटलं. इनासनेही तेच म्हटलं असतं.

गुरु., ६
सावंतबाई पडल्या. वळणावर, अंधुक असताना, दुधाची पिशवी घेऊन. खुब्याचं हाड मोडलं. मी पोचले तोवर रिक्षात घालत होते. दूध आणि लीद एक झालेलं.

त्यांचा मुलगा निखिल सगळ्यांसमोर ओरडला, "काकी, घोडी झेपत नाही तर ठेवता कशाला?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दीतून बाबा पुढे आले. हातात घमेलं. लीद न्यायला आले होते, आज आठवलं. रस्त्याकडे बघून म्हणाले, "कोणी उस्कटली गे माझी लीद?"
टॉवरवाल्यांना काही कळलं नाही. मला कळलं आणि बाबांच्या मुलाला, पास्कलला. त्याने बाबांना दंडाला धरून नेलं. मी खोरं आणून रस्ता साफ केला. जेवण गेलं नाही.

शनि., ८
सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. सभ्य माणूस, चहासुद्धा घेतला. घोडी या रस्त्यावर नको, नाहीतर महापालिकेत तक्रार. रविवारी १६ ला मीटिंग, मला बोलावलंय. खाडीवर जायला दुसरी वाट नाही. बांधून घालायला चारा कुठून आणू?

संध्याकाळी पास्कल आला. बसला नाही.
"काकी, बाबांचं नाव घेऊ नका. गॅस उघडा राहिला तेव्हाच दादा म्हणाला होता, आश्रमात ठेवू या. आता हे कळलं तर मी कोणत्या तोंडाने अडवू?"
नाही घेणार म्हटलं. तो गेल्यावर राग आला. त्याचा, बाबांचा, मेलेल्या नवऱ्याचासुद्धा. त्यानेच गुडघे गेलेल्या घोडीला वरातीतून काढून घरी खाऊ घालायचं ठरवलं आणि स्वतः निघून गेला.

सोम., १०
गोखिवऱ्याच्या हॉस्पिटलात सावंतबाईंना बघायला गेले. ऑपरेशन झालंय. शहाळं नेलं होतं, ते कोपऱ्यात ठेवलं.
हळूच विचारलं त्यांनी, "रोज उचलता तुम्ही. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. मग तेवढीच कशी राहिली?"
"राहिली," म्हटलं मी. 
त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाल्या, "इनासभाऊ असते तर राहिली नसती."
अहो, त्याने तर त्या काडीला बोटसुद्धा लावलं नसतं! हे त्यांना कसं सांगू? जिन्यात थांबून रडले. आयाने पाणी दिलं.

गुरु., १३
चिंचोटीचा घोडेवाला आला होता. लिलीचे दात बघितले, गुडघे दाबले. म्हणे, पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर पोरांना फिरवायला चालेल. त्या गुडघ्यांनी? तो अंगणात उभा असतानाच लिलीने लीद टाकली. मी आपली सवयीने खोरं घेऊन धावले, तर तो हसला. सोमवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

ती गेली तर या घरात मला हाक मारणारं कोणी नाही. मी दार उघडलं की खिंकाळते, तेवढ्यावर उठते मी.

वळणाकडे बघवत नाही. तरी रोज तिथेच जास्त वेळ झाडते.

शनि., १५
सकाळी खाडीवरून येताना बाबा फाटकात. पास्कलने आता कुलूप लावलंय. आतून विचारलं, "फिलो, इनास कुठे गेला? दिसत नाही." खाडीवर गेला म्हटलं. त्यांचं समाधान झालं. चांगला होता गे, म्हणाले. होता कसे म्हणाले, कोण जाणे.

दुपारी पास्कल. दाढी वाढलेली.
"काकी, उद्या मीटिंगमध्ये मी सांगतो. काडी बाबांनी लावली होती म्हणून. तुमच्यावर का?"
"आणि दादा?"
"दादाला जे करायचं ते करू दे."

नको म्हणायला हवं होतं. ज्या बाबांनी इनासच्या शवपेटीला खांदा दिला, चर्चपासून सिमेटरीपर्यंत कोणाला बदलू दिला नाही, त्यांना घराबाहेर काढायचं, ते माझ्या घोडीसाठी? नको हा शब्द अगदी ओठावर होता. मी विचारलं, "चहा घेतोस?" त्याने नाही म्हटलं आणि गेला.

चपला घालून त्यांच्या फाटकापर्यंत गेले. कुलपाला हात लावला. आत बाबा डब्यांना पाणी घालत होते, मिरच्यांना फुलं आलीत. पास्कलला हाक मारली नाही. परत आले.

मीटिंग उद्या चर्चमधल्या मिस्सानंतर, अकराला.