डाव्या बाजूची खुर्ची

प्रिय नवरोबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय, हसू नकोस. हसलास तर बरंच होईल म्हणा. समोर बसून विषय काढला की तू भांडी घासायला उठतोस, म्हणून हे तुझ्या बुटात सारतेय.

आज केस कापायचं दुकान पुन्हा उघडलं. कात्री हातात बसते अजून, पण एका डोळ्याने अंतर कळत नाही. नेहमीचे मास्तर आले आणि चक्क कान हाताने झाकून बसले! म्हटलं, मास्तर, कान सोडा, त्यामागचे केस कोण कापणार? सगळे हसले. मीही हसले, पण आत काही हललं नाही. डावा डोळा गेल्यापासून असंच आहे. राग नाही, दुःख नाही. दात काढताना भूल देतात ना, तसं.

नाकाच्या ऑपरेशनने डोळा कसा जातो, असं जो तो विचारतो. मी पाठ केलेलं सांगते. दुर्बिणीने नाकात वाढलेलं मांस काढतात. नाक आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदाएवढं पातळ. डोळ्यामागे रक्त साचलं, डोळा दगडासारखा घट्ट झाला. डॉक्टरीणबाईंनी धावत येऊन डोळ्याच्या कडेला छेद देऊन दाब मोकळा केला, पण तोवर डोळ्याची नस गेली होती. क्वचित होतं असं. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि तू म्हणालास, हजारात एखादीला ना? आमची कुठली एवढी नशीबवान! सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. तेवढ्यापायी तू थट्टा सोडलीस, माझ्याशी बोलणं सोडलंस. अरे, श्वास मला घेता येत नव्हता, ऑपरेशन मला हवं होतं. बोलण्याने कुणाचा डोळा जात नसतो, वेड्या.

हल्ली जेवताना तू समोरची जागा सोडून माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसतोस. वाटलं, माझा हा चेहरा तुला नकोसा झालाय. काल मीठ घ्यायला पूर्ण मान वळवली, तर तुझे गाल ओले, आणि तू आवाज न करता घास गिळत होतास. म्हणजे मला दिसत नाही त्या बाजूला बसून तू रोज रडतोयस. म्हणून हे पत्र. आता उजवीकडे बस. मला रडू येत नाही रे, किती प्रयत्न केला. तुझं तरी बघू दे.

तुझीच,
हल्ली न घोरणारी