गप्पापूरची वस्ती

१८ ऑगस्ट १९८६

किल्ली मिळाली! कुसुमताईंनी ती टेबलावर ठेवली आणि हात असा मागे घेतला जसा काही विंचूच ठेवला. आमच्या या हेडबाईंनी गेलं वर्षभर कॉम्प्युटरची खोली उघडू दिली नव्हती. आत सरकारकडून आलेले दोन कॉम्प्युटर, कव्हराखाली झोपलेले. म्हणायच्या, "बिघडले तर मी कोणाला तोंड दाखवू?"

आता वरून विचारणा आली आहे — डिसेंबरच्या जिल्हा विज्ञान प्रदर्शनात या मशीनवर काय दाखवता? काहीच नसेल तर मशीन दुसऱ्या शाळेला. मग कुसुमताईंना आठवलं, की गणिताच्या शामलाबाई, म्हणजे मी, सुट्टीत याचंच ट्रेनिंग करून आल्यात.

आल्यात म्हणे! मी वर्षभर त्या कुलपाकडे बघत होते.

२१ ऑगस्ट

सुरू केलं. टूं-टीप असा आवाज झाला आणि नववीच्या पोरी किंचाळल्या. मीही, थोडीशी.

दाखवायचं काय? पाढे? ते तर सगळ्याच शाळा दाखवतील. गोपिका म्हणाली, "बाई, याच्यात एक गाव नाही का बनवता येणार? पाहुण्यानं यायचं, फिरायचं, वाटलं तर राहायचं." ही पोरगी वर्गात एक प्रश्न सोडत नाही. मी हसले. मग बसमध्ये घरी येईस्तोवर तेच डोक्यात. धंतोलीला उतरायचं ते पुढच्या स्टॉपवर उतरले.

९ सप्टेंबर

रस्ते झाले. सरळ, काटकोनात. घरं सगळी एकसारखी, एका ओळीत. पिवळा ठिपका म्हणजे पाहुणा. बटणं दाबली की तो चालतो. चालतो!!

नाव ठेवलं आदर्शनगर. कुसुमताई रोज डोकावतात. "बँक घ्या. दवाखाना घ्या. पोस्ट ऑफिस. शामलाबाई, प्रगती दिसली पाहिजे." घेतलं सगळं. पाण्याची टाकीसुद्धा घेतली.

१० सप्टेंबर

आई म्हणाली, "काहून इतकी खुश होऊन राहिली वं? कोणाचं स्थळ आलं का?"

म्हटलं, गाव वसवते आहे.

"आपल्या घरात धड दोन माणसं, अन् ही गाव वसवून राहिली!"

२७ सप्टेंबर

आज नववीला दाखवलं. एकेक पोरगी आली, ठिपका फिरवला, बँकेपर्यंत गेली, दवाखान्यापर्यंत गेली आणि उठली. "छान आहे, बाई."

हे छान मला चांगलं ओळखीचं आहे. मुलगी बघायला आलेली मंडळी जिना उतरताना म्हणतात ना, तसलं छान.

गावात काही चूक नाही. प्रत्येक रस्ता बरोबर. तरी थांबावंसं कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही — हे आज इथे लिहिते, शाळेत नाही बोलणार.

६ ऑक्टोबर

भयंकर चिडले. गोपिकानं मला न विचारता प्रोग्रॅममध्ये हात घातला! एका घराच्या ओट्यावर एक बाई बसवली. ठिपका जवळ गेला की खाली अक्षरं उमटतात — लिपी इंग्रजीच, पण वाचलं की मराठी — "काहून वं, कुठं चालली?" उत्तर टाइप करायचं. मग ती विचारते, "घरी कोण कोण आहे?" उत्तर दिलं की तेच शब्द जोडून म्हणते, "बरं, अमुक-तमुक यांना नमस्कार सांगा!" एवढंच.

"हे काय आहे?"

"काकू आहे, बाई. चोंबडी काकू."

चांगली खरडपट्टी काढली. एक तर मशीनची मेमरी ही एवढीशी, वर ही काकू.

७ ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत खोलीबाहेर रांग! आठवीच्या, दहावीच्या पोरी. कोणाला बँक नको, कोणाला टाकी नको. सगळ्यांना काकूकडे जायचंय. एकीनं काकूला सांगितलं, घरी आईबाबा आहेत आणि एक आगाऊ भाऊ. काकू म्हणाली, आईबाबा आणि एक आगाऊ भाऊ यांना नमस्कार सांगा. पोरगी हसून हसून लोळली आणि पुन्हा रांगेत लागली.

मी दारात उभी.

मग गोपिकाला बोलावलं. म्हटलं, काकूला शेजारीण पाहिजे.

२० ऑक्टोबर

शेजारीण आली. पानठेला आला. झणझणीत तर्री-पोह्यांची गाडी आली, तिचा मालक म्हणतो, "तिखट चालते का जी?" नाही म्हटलं तर म्हणतो, "मग नागपूरले काहून आले?" त्यावर मशीननं लिहिलं: जागा नाही. मेमरी संपली.

आता? एक तर माणसं, नाही तर इमारती.

२२ ऑक्टोबर

पोस्ट ऑफिस पाडलं. बँक पाडली, दवाखाना पाडला. टाकी पाडताना मजा आली. सरळ रस्ते मोडून एकच वाकडी गल्ली ठेवली — वाकडी असली की पुढे काय आहे ते दिसत नाही, मग पाऊल पुढे पडतं. चौकात पार बांधला. आणि दहा ठिकाणी काकूसारखीच बडबड भरण्याऐवजी एक नवी गोष्ट केली: पाहुण्याला मोकळं घर घेता येतं. दारावर त्याचं नाव लागतं. अंगणात संत्र्याचं झाड लावता येतं. पुन्हा आला की गाव त्याला नावानं हाक मारतं, आणि त्यानं पाणी घातलं की झाड वाढतं.

पोरींनी नाव बदललं. गप्पापूर!

२४ नोव्हेंबर

टाकी बसल्यापासून कुसुमताई फिरकल्या नव्हत्या, आज पाहिलं. चेहरा पांढरा.

"दवाखाना कुठे गेला?"

"जागा नव्हती."

"आणि या बाईला जागा आहे? शामलाबाई, तिथे शिक्षणाधिकारी येणार आहेत. त्यांना काय दाखवू — कुठं चालली?"

म्हटलं, "जुनं गाव कॅसेटच्या टेपवर साठवलेलं आहे. तुम्ही म्हणाल तर तेच नेते. पण मग त्याच्यासमोर उभं राहायला दुसरं कोणी पाठवा. मी नाही यायची."

माझ्या तोंडून निघालं! नोकरीला लागल्यापासून हेडबाईंना मी नाही म्हटलेलं आठवत नाही. त्यांनी स्वतःच ठिपका काकूपासून दूर नेला. मग म्हणाल्या, "न्या. मशीन गेली तर ती तुमच्यामुळे गेली."

आज बस सोडली. चालत घरी आले. पूर्ण रस्ता.

११ डिसेंबर

प्रदर्शन. सकाळी आमच्या टेबलाशी चिटपाखरू नाही. समोर एका शाळेचा ज्वालामुखी धूर सोडत होता, सगळे तिकडे. कुसुमताई माझ्याकडे बघत नव्हत्या.

मग कन्हानहून आलेल्या शाळेच्या दोन मुली आल्या. काकूशी बोलल्या. एक पळत जाऊन अख्खा वर्ग घेऊन आली. दुपारी ज्वालामुखीवाले सर स्वतः आमच्या रांगेत!

१२ डिसेंबर

आज काय काय झालं!

वायरिंग तपासायला वीज मंडळाचे एक इंजिनियर आले. चंद्रभान त्यांचं नाव. पंचेचाळिशीचे, खिशाला टेस्टर. तपासणी झाली तरी जाईनात. "मॅडम, मी बसून पाहू का जी?"

बसले. काकूनं विचारलं, घरी कोण कोण आहे? त्यांनी एका बोटानं टाइप केलं: कोणी नाही.

आणि काकू म्हणाली — "बरं, कोणी नाही यांना नमस्कार सांगा!"

पोरी खो खो हसल्या. मला धरणी दुभंगावी असं झालं. पण ते स्वतःच इतके हसले, डोळे पुसावे लागले. "सांगतो जी, सांगतो." मग एक घर घेतलं. पाराजवळचं. झाड लावलं.

दुपारी फ्यूज उडाला. अख्खा हॉल अंधारात, आमचा पडदा काळा. गोपिका रडायलाच लागली — सगळ्यांची घरं, सगळ्यांची नावं! चंद्रभान शिडी घेऊन धावत आले. फ्यूज बसवला आणि थेट आमच्या टेबलाशी. "मॅडम, माझं घर गेलं का हो?"

नाही गेलं! जेवायच्या आधी मी सगळं टेपवर घेतलं होतं. टेप लावली. कुर्र-कुर्र वाजत राहिली. लोक श्वास रोखून उभे. आणि गल्ली आली, पार आला, दारांवरची नावं एकामागून एक आली. टाळ्या! ज्वालामुखीवाल्या सरांनी शिट्टी मारली.

ते झाडाला पाणी घालून गेले.

१३ डिसेंबर

पहिला नंबर!!!

परीक्षकांचे अध्यक्ष म्हातारे, कडक. बसले ते उठेनात. पोह्यांच्या गाडीवाल्याशी वाद घातला, दारांवरची पाहुण्यांची नावं वाचली, घर घेतलं. बाकीचे परीक्षक घड्याळं दाखवतात तर म्हणाले, "थांबा हो, माझं झाड राहिलं." शिक्षणाधिकारी त्यांच्या मागे, तेही वाकून बघत होते. मशीन कुठेही जाणार नाहीत. उलट पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळांच्या मास्तरांना मी शिकवायचं!

बक्षीस घ्यायला गोपिकाला पुढे ढकललं. तिनं मला हाताला धरून ओढत नेलं. कुसुमताईंनी सगळ्यांसमोर मिठी मारली. मग कानात म्हणाल्या, "मलाही एक घर द्या. काकूच्या शेजारी नको."

आईसाठी बर्डीच्या बाजारातून पेढे नेले. "तुह्या गावाले बक्षीस भेटलं?" म्हणाली, आणि पहिला पेढा मलाच भरवला.

९ जानेवारी १९८७

शाळा सुटल्यावर चंद्रभान आले. म्हणे शाळेचं मीटर बघायचं होतं. बघितलं. मग विचारलं, "झाडाले पाणी द्यायचं होतं, मॅडम. चालन का?"

खोली उघडली.

मी काकूचं वाक्य बदललं होतं, प्रदर्शनानंतर लगेच. घरी कोणी नाही असं म्हटलं तर ती आता म्हणते, "मग पारावर बसा. आम्ही आहोत." त्यांनी वाचलं. हसले नाहीत. "हे तुम्ही लिहिलं?"

म्हटलं, काकूनं.

१६ जानेवारी

मीटर पुन्हा बघितलं.

२३ जानेवारी

आज तर मीटरचं नावही काढलं नाही. कन्हानच्या पुलाखालच्या वाळूत पिकणाऱ्या टरबुजांबद्दल बोलले, लहानपणी चोरायचे म्हणे. मी ट्रेनिंगचं सांगितलं, की वर्गात मी एकटीच बाई आणि मशीन माझंच आधी चालू झालं. ते इतके खुश झाले जसं त्यांचंच चालू झालं. बोलता बोलता पडद्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

गोपिका दारातून डोकावली आणि गालातल्या गालात हसून पळाली. कार्टी!

१ फेब्रुवारी

विचारलं. मीच. लग्न कराल का म्हणून, महाराजबागेच्या फाटकाशी, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. हो म्हणाले! आईला अजून सांगायचं आहे.