थंड नळ्या

सोमवार, ६

सही केली नाही. करणारही नाही.

मॅडमनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला – 'नळ्या गरम पाण्यात धुऊन तशाच गरम दिल्या, त्यामुळे प्रयोग बिघडला.' म्हणाल्या, "बाई, सही करा, विषय संपवू." विषय त्यांचा संपेल, मला नळ्यांवरून काढून व्हरांडा झाडायला लावतील. चौदा वर्षं ह्यांनी इथल्या प्रयोगशाळेतल्या नळ्या धुतल्या. हे गेल्यापासून सात वर्षं मी धुतेय. गरम नळी आम्ही कधी दिली नाही.

मंगळवार, ७

संशोधन करणाऱ्या चष्मेवालीकडून नीट समजून घेतलं. प्रयोग तिचा. कृमींच्या अळ्या तळ्याच्या पाण्यात असतात. माणसाच्या कातडीतून आत शिरल्या की अंगाच्या उष्णतेने त्यांचं एक जनुक कामाला लागतं आणि त्यांना सांभाळतं. म्हणून निम्म्या नळ्या तापवायच्या, निम्म्या थंड ठेवायच्या. थंड नळ्यांतलं जनुक गप्प हवं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेही जागं!

"मावशी, दोन वर्षांचं काम आहे हो माझं."

माझं सात वर्षांचं आहे, म्हटलं.

बुधवार, ८

शब्दकोश मांडीवर घेऊन ह्याच कृमींवरचा जुना इंग्रजी अहवाल वाचला. एका पानाला एक तास. हे चिडवायचे – "पुस्तक संपलं की वाढणार का?" आज कुणी विचारलं नाही. उपाशीच वाचत बसले.

गुरुवार, ९

मॅडमसमोर धुतलेल्या नळीत थर्मामीटर घातला. खोलीइतकीच थंड.

"त्या दिवशी कशी होती कुणास ठाऊक," मॅडम.

"मग ज्याला ठाऊक त्याने सही करावी."

शुक्रवार, १०

चष्मेवालीला म्हटलं, सगळं पहिल्यापासून करून बघू. नेहमीसारख्याच थंड खोलीतून अळ्यांच्या नळ्या मी उचलल्या, दोन जिने चढले, जनुक तपासायच्या यंत्राच्या खोलीबाहेर किल्लीची वाट बघत उभी राहिले. किल्ली नेहमीच उशिरा येते. चष्मेवाली माझ्या हाताकडे बघत होती.

"मावशी, ट्रे कुठेय?"

ट्रेमध्ये नळ्या आडव्या होतात. मी मुठीतच आणते. पडू नयेत म्हणून.

तिने थर्मामीटर नळीत सोडला. पारा चढत गेला, आम्ही दोघी बघत राहिलो. चौतीस अंश. अहवालात होतं, अंगाची ऊब दहा मिनिटं मिळाली तरी पुरते.

"मी नाही हं सांगणार कुणाला," ती म्हणाली.

शनिवार, ११

मॅडमकडून कागद मागून घेतला. 'गरम पाण्यात धुऊन' खोडलं. वर लिहिलं, 'माझ्या मुठीत धरून'. मग सही केली.