बहिरेपणाचे इलाज आणि आपले आभारप्रदर्शन

ती. जयसिंगदाजी यांस,

महिपतीचा नमस्कार. आपली व सरूआक्काची प्रकृती उत्तम असेलच. माझी विचारू नका. रक्तदाब चढला आहे आणि त्याला कारण आपण आहात.

परवा आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी बहिरेपणाच्या भोंदू इलाजांवर सव्वा तास बोललो. (ठरला होता पाऊण तास. अध्यक्षांनी दोनदा घंटी वाजवली म्हणे.) कानात मुंग्यांच्या अंड्यांचा रस ओतणारे लोक होऊन गेले, हे सांगितले. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बहिऱ्यांना विमानात बसवून ते विमान एकदम खाली सोडत, म्हणजे घाबरून कान उघडावेत, हेही सांगितले. आणि शेवटी वारज्याच्या रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेल्या त्या वैदूची सालटी काढली, जो पितळी नळीने कानातून खडा ‘काढतो’ आणि तो खडा आधीपासून त्याच्याच गालात असतो! (आपल्या आग्रहाखातर मीही तिथे गेलो होतो, हे व्याख्यानात सांगण्याची गरज नव्हती.)

मग आपण पहिल्या रांगेतून उठलात. दोन्ही हात वर करून बोलू लागलात. कार्यक्रमाच्या शेवटी पुण्यात जो माणूस उठतो तो आभारच मानतो, या समजुतीने मी नम्रपणे हात जोडले आणि तीनदा मान डोलावली. घरी आल्यावर, सभेला सोबत आलेल्या सौ. भाग्यश्रीने मला कागदावर लिहून दिले की आपण म्हणालात, “ह्यो माझा मेव्हणा. त्याच वैदूकडं मीच नेला व्हता. आठ दिसांत गुण आला, इचारा त्यालाच!”

दाजी, बत्तीस वर्षे अंधश्रद्धेविरुद्ध बोलून कमावलेले नाव मी स्वतःच मान डोलावून घालवले! सभा संपताच अकरा सभासदांनी मला घेरले. मला वाटले, अभिनंदन करताहेत, म्हणून प्रत्येकाला “अवश्य, अवश्य” म्हणालो. त्यांना तंबूचा पत्ता हवा होता. काल त्यातले चार जण जाऊनही आले. आपण त्या चौघांना भेटून खरे काय ते सांगा. माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार?

आपला,
महिपती

ता. क. गुरुवारी कानाचे यंत्र बसवायला जायचे आहे. सोबत यावे. भाग्यश्रीला नेले तर ‘तुम्हाला ऐकू येत नाही, यंत्र लावा’ हे तिचे म्हणणे खरे ठरल्यासारखे दिसेल.

ता. क. आणखी एक. व्याख्यान संपल्यावर लोकांचे हात हलताना दिसले. टाळ्या वाजल्या का हो? भाग्यश्री ‘हो’ म्हणते, पण ती घरची. खरे असेल ते कळवा. फोन करू नका, लिहूनच कळवा.