विमानाला क्रेन कशाला

३ फेब्रुवारी २०२४, सकाळी ७
शाळेपुढं उभं असलेलं लढाऊ विमान दुरुस्तीला पुण्याला चाललंय. पंधरा तारखेपर्यंत गेलं न्हाई तर वर्कशॉपातली जागा दुसऱ्या गावाच्या विमानाला देणार. संयोगिता मॅडम म्हणून इंजिनिअर आल्यात. दहा पानांचा प्लॅन. मी वाचला न्हाई. हवाई दलात एकवीस वर्षं काढली. गाडीवर ड्रायव्हर होतो, पण गाडी विमानाशेजारीच उभी असायची. ट्रकात बसून पुण्याला मीच जाणार. जाणता माणूस लागतोच. बॅग भरली.

४ फेब्रुवारी
माझा प्लॅन: जोतीरामचा उसाचा ट्रॅक्टर, साखळी, आठ गडी. तासाचं काम. मॅडम म्हणाल्या, आजोबा, आधी पंख सोडवू. आजोबा म्हणाल्या. सोडून दिलं.

६ फेब्रुवारी
पंखाचे बोल्टच सापडंनात. दर खंडेनवमीला मी विमानाला सिल्वर ऑइलपेंट देतो. एकोणतीस थर झालेत. मॅडम खरवडतात आणि थर मोजतात. आत गंज हाय म्हणे. असणारच. खरवडल्यावर हवा लागली.

९ फेब्रुवारी, दुपार
पंख निघाले. मॅडम जेवायला गेल्या तवा जोतीरामला म्हटलं, घाल साखळी. म्हणाला, आवं तात्या, मॅडमना येऊ द्या की. म्हटलं, गड्या, तू ऊस वढतोस का पापड? ट्रॅक्टरचं तोंडच वर उठलं. विमान जागचं हललं न्हाई. जोतीराम अर्धा तास वरच बसून. ट्रॅक्टर कमजोर हाय.

१० फेब्रुवारी
मॅडमनी चाकांभोवती खणलं. तिन्ही चाकं चार फूट काँक्रीटमधी. विचारत होत्या, कुणी केलं हे? कोयनेकडं जमीन हलली की विमान कलंडू नये म्हणून कुणीतरी डोकं लावून केलंय. मी चहा सांगायला गेलो. मोठेपणाची हौस न्हाई.

१२ फेब्रुवारी
काँक्रीट फोडायच्या ब्रेकरची पाती बोथट झाली. हलक्या मालाचं ब्रेकर. सिमेंटला पंधरा दिवस पाणी मारलेलं असतं, तवा असं होतं.

१४ फेब्रुवारी
उद्याची मुदत. चाकांचे दांडे कापले. विमान क्रेननं उचलून ट्रकवर पोटावर झोपवलं. कडंची माती काढताना काँक्रीटवर अक्षरं दिसली, खिळ्यानं कोरलेली. आकाराम, १९९५. मॅडमनी फोटो काढला. हरणाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, आवं, अक्षर तुमचंच हाय. घरच्या बायकोनं असं बोलू नये. म्हटलं, आकाराम लय हायत गावात. तिनं विचारलं, कोण कोण? मी कामात होतो.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११
ट्रक सातलाच गेला. पुढच्या सीटवर जोतीराम. साखळ्या बांधायला जाणता माणूस पाहिजे म्हणे.
मॅडम जाताना म्हणाल्या, आजोबा, विमान परत येईल तवा चाकं लागतील, तेवढी मोकळी करून ठेवा. मान हलवली. तासाचं काम.
आठ वाजल्यापासनं पहार घालतोय. मुठीएवढा तुकडा निघाला.
हरणाबाई येऊन बघून गेली. घाम पुसायला टॉवेल दिला. बॅगेतला.