लांब पायांची बैठक

१४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? आईची दाढ काढली, त्यामुळे घरात सध्या शांतता आहे. माझं पदक तिने फ्रिजच्या दाराला टांगलंय. दार उघडलं की खणखणतं, आणि मला नको नको होतं.

त्या दिवशी स्पर्धेत मी वजनाच्या बारखाली शिरले, तेव्हा तू नेहमीसारखा ओरडलास, "बगळे, छाती वर! गुडघे बोटांच्या पुढे नकोत!" मी ऐकलं आणि नेमकं उलटं केलं. पाय फाकवले, चवडे बाहेर वळवले, गुडघे जाऊ दिले पुढे आणि पाठ न वाकवता कमरेतून झुकले. खाली बसले, उठले. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे, बैठक मान्य.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "हे कुठे शिकलीस गं?"

"कुठे नाही. मोबाइलवर बघून."

तू सगळ्यांदेखत म्हणालास, "पोरीचे पाय हे एवढाले, आणि मी तिला माझ्या बुटक्या मापाने शिकवत बसलो. तिचं तिनेच शोधलं." लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. मी त्या घेत राहिले.

मामा, मी खोटं बोलले. उन्हाळ्यापासून 'क्लास आहे' सांगून मी ताईकडे जात होते. हो, त्याच ताईकडे. तुझी पहिली शिष्या, जिला तू "आता मला शिकवणार का?" म्हणून व्यायामशाळेतून घालवलंस. तू सांगायचास तसं बसून माझी कंबर रोज धरायची. तुला सांगितलं तर 'नाटकं' म्हणशील असं मीच ठरवून टाकलं. विचारून पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी तिने मला बारला हातही लावू दिला नाही. टाचांखाली फळी सरकवली आणि म्हणाली, "बस आता. मांडी लांब असली की छाती सरळ ठेवायच्या हट्टापायी माणूस मागे कलंडतो. तू झुकणारच, झुक. खांद्यावरचा बार फक्त पावलांच्या बरोबर वर राहू दे." तुझ्याबद्दल तिने वाकडा शब्द काढला नाही. उलट म्हणाली, "श्वास धरून पोट आवळायचं ते त्यांनीच शिकवलं. त्यावरच उभी आहे मी."

स्पर्धेला ती आली होती, अगदी मागे बसली होती. मी तुला काय सांगितलं ते कळल्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आधी त्यांना खरं सांग. मग ये."

घाबरून खोटं बोलले, असं लिहिणार होते. पण ते अर्धंच खरं. सगळं श्रेय माझ्या एकटीच्या पदरात पडत होतं, आणि मला ते आवडत होतं.

काल मामी म्हणाली, तू नव्या मुलींना शिकवणं बंद केलंस. 'माझ्या हातून कुणाची कंबर जायला नको' म्हणालास. ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसले. तू चुकलास तो एका बैठकीत. बाकी सगळं माझ्यात आहे ते तुझंच.

रविवारी सकाळी व्यायामशाळेत येतेय. ताईलाही विचारलं. हो म्हणाली नाही, पण चटकन नाहीही म्हणाली नाही. आम्हा दोघींना आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव. ओरडायचं असेल तर मात्र माझ्या एकटीवर ओरड.

तुझ्याच हाताखाली वाढलेली, आणि तुलाच फसवलेली,
तुझी भाची