न मोजलेला कर्ण

बाबा, आज सकाळी कोलशेतला मी जेसीबी अडवून धरला आणि सगळे माझ्यावर वैतागले. जमिनीखालून गेलेल्या गॅसच्या नळाची जागा नकाशावरून शोधायची, वर चुन्याची रेघ मारायची आणि ती सोडून बाजूला खोदायचं, एवढंच काम होतं. पण दहा पावलांवर बालवाडी, आतून मुलांचे पाढे ऐकू येत होते. तुम्ही साखळीने जमीन मोजायचात. आम्ही काठीवर यंत्र लावून उपग्रहांना विचारतो. तिथे आता इतके टॉवर झालेत की आकाश चिंधीएवढं दिसतं. नुसते अमेरिकेचे उपग्रह धरले, तर बिंदू गटारापासून रस्त्यापर्यंत नाचत होता. मग आपले, रशियाचे, युरोपचेही जोडीला घेतले, तेव्हा कुठे तो एका जागी बसला.

"मॅडम, चौघं एकाच ठिकाणी बोट ठेवतायत," माझ्या हाताखालचा इंजिनिअर म्हणाला. "टाकू चुना?"

"थांब. आधी त्या हद्दीच्या दगडावर काठी धर."

त्या दगडाची जागा नकाशात पक्की आहे. यंत्राने तो दीड हात पलीकडे दाखवला.

"दगडच सरकला असेल हो."

"मग चल, नकाशातली ती विहीरही सरकलीय का बघू."

विहीरही बरोबर तेवढीच सरकलेली निघाली. जेसीबीवाला वरून ओरडला, "ताई, खोदू की मशीन घेऊन घरी जाऊ?" मी उलट्या पावली सकाळच्या खुंटीकडे धावले. काठीवरचं यंत्र ज्याच्या आधाराने बोलतं, ते दुसरं, स्थिर यंत्र आम्ही सकाळी नकाशातल्या ठरलेल्या खुंटीऐवजी भलत्याच खुंटीवर उभं केलं होतं. चौघांचेही उपग्रह त्या एका चुकीवरून मोजत होते, मग एकमत होणारच. यंत्र योग्य खुंटीवर नेलं, दगड आणि विहीर जागेवर आली, तेव्हा कळलं, आधीच्या हिशोबाने बकेट थेट नळावर उतरली असती.

सगळे म्हणाले, मॅडमना दगड कसा सुचला! मला शीळफाट्याजवळचं ते शेत आठवत होतं. मी आठवीत आहे, कॉन्व्हेंटला सुट्टी आहे. काटकोनी तुकड्याच्या बाजू तुम्ही मोजल्या आहेत आणि मला म्हणताय, "आता शिपायाला घे आणि कर्ण मोजून आण. बाजूंवरून गणिताने निघणाऱ्या कर्णाशी जुळला तरच माझं माप खरं." ऊन मी म्हणतंय. मी परत येते, सिस्टरांनी घोटून घेतलेल्या वळणदार अक्षरात आकडा दाखवते. "वितीचाही फरक नाही!" तुम्ही खिशातला पितळी ओळंबा काढून माझ्या हातावर ठेवता.

तो ओळंबा आजही माझ्या पिशवीत आहे. हा कागद त्याच्याच डबीत घालून ठेवेन, दुसरीकडे कुठे पाठवणार? बाबा, तो कर्ण मी मोजलाच नव्हता. शिपायाला पाणी प्यायला पाठवलं आणि झाडाखाली बसून तुमच्याच आकड्यांवरून गणिताने काढला. जुळणारच होता. त्या शेतावर आता सात मजली इमारत आहे. बस तिथून जाते, तेव्हा मी अजून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघते.